संगणकाचा निरोप मोबाइलवर

(संगणकावर लिहिलेला मजकूर मोबाइल फोनवर कसा पोहोचतो, तो इतका लहान का असतो आणि मराठी व उर्दू लिहिणाऱ्यांना त्यात कोणती अडचण येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

निरोप पाठवणे ही माणसाची फार जुनी गरज आहे. घरापासून दूर गेलेल्या मुलाची खुशाली आईला हवी असते. व्यापाऱ्याला बाजारभाव कळायला हवा असतो. शेतकऱ्याला पावसाची खबर हवी असते. पूर्वी राजेरजवाडे निरोपासाठी जासूद आणि हलकारे ठेवत. साधी माणसे बाजाराला निघालेल्या शेजाऱ्याजवळ निरोप सांगत. शेजारी विसरला, की काम अडून राही. पुढे टपाल आले, पोस्टकार्ड आले. पण पत्र पोहोचायला दिवस लागत. निरोप घाईचा असेल, तर लोक तार करत.

भारतात तारेची पहिली प्रायोगिक लाइन 1850 साली कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान टाकण्यात आली. 1855 पासून सामान्य लोकांनाही तार पाठवता येऊ लागली. रेल्वेमार्ग वाढले, तसे रुळांच्या कडेने तारेचे खांबही उभे राहिले. परभणी जिल्ह्यातील सेलू हे मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरील गाव आहे. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि या भागातील घराघरांत, शेतात व बाजारात मराठी बोलली जाई. त्यामुळे या दोन भाषा इथे शेजारणींसारख्या नांदत आल्या आहेत. निरोपाची गोष्ट सांगताना आपण या गावाकडे पुन्हा येणार आहोत.

तारेत शब्दांवर पैसे पडत. म्हणून लोक मोजून मापून लिहीत. 'वडील आजारी, ताबडतोब निघा' एवढेच लिहिले, तरी वाचणारा समजून जाई. सणासुदीच्या शुभेच्छांसाठी तार कचेरीत तयार वाक्ये असत. प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असे. दिवाळीच्या किंवा ईदच्या शुभेच्छा पाठवायच्या असतील, तर पाठवणारा फक्त क्रमांक लिही आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटलेली तार हाती पडे. थोड्या जागेत पुरता अर्थ कसा भरावा, हे तारेने लोकांना शिकवले. हीच विद्या पुढे मोबाइलच्या छोट्या संदेशात कामाला आली. या संदेशाला आपण 'एसएमएस' म्हणतो.

मुलांनो, जगातला पहिला एसएमएस कोठून पाठवला गेला असेल? तुम्ही म्हणाल, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर. पण तसे झाले नाही. तो संगणकावरून पाठवला गेला. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ नावाच्या 22 वर्षांच्या अभियंत्याने संगणकावर 'मेरी ख्रिसमस' हे दोन शब्द टंकले आणि ते रिचर्ड जार्व्हिस या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर पाठवले. जार्व्हिस यांना संदेश मिळाला, पण त्यांनी उलट संदेश पाठवला नाही. कारण त्यांच्या फोनवर संदेश वाचता येत होता, लिहिता येत नव्हता! म्हणजे संगणकाने लिहावे आणि फोनने वाचावे, अशीच या सेवेची सुरुवात झाली.

संगणकावरून संगणकावर पत्र पाठवण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. या पत्राला ई-मेल म्हणतात. 1971 साली अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले ई-मेल पाठवले. पत्त्यात माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दिसावे, म्हणून त्यांनी दोहोंच्या मध्ये एक चिन्ह ठेवले. गोल वेटाळलेल्या 'ए' सारख्या दिसणाऱ्या या चिन्हाला 'अ‍ॅट' असे म्हणतात. आजही प्रत्येक ई-मेलच्या पत्त्यात ते असते.

भारतात या दोन्ही सोयी सामान्य लोकांसाठी एकाच वर्षी सुरू झाल्या. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा लोकांना खुली केली. त्या काळी मोबाइलवर बोलणे फार महाग होते. गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपयांहून अधिक दर लागे. आलेला फोन उचलला, तरी पैसे पडत. येणारे फोन सर्वत्र मोफत झाले ते 2003 साली. अशा दिवसांत छोटा लिखित संदेश लोकांना सोयीचा वाटला, यात नवल नाही.

आता ई-मेलमधून निघालेला मजकूर मोबाइलवर कसा पोहोचत असे, ते पाहू या.

त्यासाठी मोबाइल कंपन्यांनी एक सोपी युक्ती केली होती. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक हेच त्याचे ई-मेलमधील नाव. क्रमांक लिहायचा, पुढे 'अ‍ॅट' चे चिन्ह द्यायचे आणि त्यापुढे कंपनीच्या संगणकाचे नाव लिहायचे, की झाला पत्ता! मुंबईच्या कचेरीत बसलेला भाऊ या पत्त्यावर ई-मेल पाठवी आणि गावी निघालेल्या भावाच्या खिशातला फोन वाजे. अमेरिकेप्रमाणे भारतातही अनेक कंपन्यांनी ही सोय दिली होती.

या प्रवासात निरोपाला तीन मुक्काम करावे लागत. पहिला मुक्काम कंपनीच्या दारावरचा. इथे एक संगणक द्वारपालाचे काम करतो. ई-मेल लांबलचक असू शकते. त्यात विषय, सही, चित्रे, काय वाटेल ते असते. द्वारपाल त्यातला साधा मजकूर तेवढा घेतो आणि उरलेले बाजूला ठेवतो. मजकूर जास्त असेल, तर तो कापतो किंवा त्याचे तुकडे करतो.

दुसरा मुक्काम संदेश केंद्राचा. हे केंद्र टपाल कचेरीसारखे असते. इथे संदेशाची नोंद होते. ज्याला संदेश द्यायचा, त्याचा फोन चालू आहे का आणि तो कोणत्या भागात आहे, हे केंद्र विचारून घेते. मोबाइल कंपनीजवळ एक मोठी नोंदवही असते. आपला फोन मधूनमधून जवळच्या टॉवरला 'मी इथे आहे' असे कळवत असतो आणि ते त्या वहीत नोंदले जाते. फोन बंद असेल, तर केंद्र संदेश जपून ठेवते आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. ठरावीक मुदत संपेपर्यंत फोन सापडला नाही, तर तो संदेश पुसला जातो.

तिसरा मुक्काम टॉवरचा. टॉवरवरून संदेश फोनपर्यंत हवेतून जातो. पण तो आपल्या बोलण्याच्या वाटेने जात नाही. फोन आणि टॉवर यांच्यात कामकाजाची छोटी छोटी देवाणघेवाण चालते. कोणाचा फोन येतो आहे, घंटा केव्हा वाजवायची, अशा गोष्टी त्यात ठरतात. या कामासाठी एक वेगळी अरुंद वाट असते. ती वाट पुष्कळ वेळ मोकळी असते. त्या मोकळ्या वेळात संदेश पाठवावेत, अशी कल्पना युरोपातील अभियंत्यांना सुचली. रस्त्यावर मोटारींची कितीही गर्दी असली, तरी कडेच्या पायवाटेने माणूस चालत जाऊ शकतो. एसएमएसचे तसेच आहे. म्हणून बोलणे नीट ऐकू येत नसेल, अशा ठिकाणीही कधी कधी एसएमएस पोहोचतो.

पायवाटेवरून बैलगाडी जात नाही. तसेच या अरुंद वाटेने मोठा मजकूर जात नाही. एका एसएमएसला 140 खण मिळतात. खण म्हणजे काय? संगणकाला फक्त शून्य आणि एक एवढेच दोन आकडे कळतात. असे आठ आकडे मावतील, एवढी जागा म्हणजे एक खण समजा. 140 खणांत 140 गुणिले 8, म्हणजे 1120 आकडे मावतात. इंग्रजीचे एक अक्षर लिहायला 7 आकडे पुरतात. 1120 भागिले 7 किती? बरोबर, 160. म्हणून इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो.

एवढ्या अक्षरांत माणसाचे काम भागेल का, असा प्रश्न तेव्हाही पडला होता. 1985 साली जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्याने टंकयंत्रावर नेहमीची वाक्ये आणि प्रश्न टंकून पाहिले व अक्षरे मोजली. बहुतेक मजकूर 160 अक्षरांच्या आत बसत होता. पोस्टकार्डांवरचा मजकूरही बहुधा तेवढाच असतो, असे त्यांना आढळले. तेव्हा 160 ही मर्यादा पुरेशी ठरली.

पण ही मोजणी रोमन लिपीच्या हिशेबाने झाली होती. सात आकड्यांतून 128 खुणाच तयार होतात. त्यात इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसतात. देवनागरीला आणि उर्दूच्या लिपीला तिथे जागा नाही. आपल्या लिपींतील प्रत्येक खुणेसाठी 16 आकडे, म्हणजे दोन खण द्यावे लागतात. 1120 भागिले 16 म्हणजे 70. म्हणून मराठीतील किंवा उर्दूतील एक एसएमएस फक्त 70 खुणांचा असतो. इंग्रजी संदेशात एक जरी मराठी अक्षर आले, तरी सगळ्या संदेशाला हाच नियम लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षराची खूण, हे सारे वेगवेगळे मोजले जाते. 'सेलू' या शब्दात अक्षरे दोन, पण खुणा चार: स, त्याची मात्रा, ल आणि त्याचा उकार. 'विद्यार्थी' या शब्दात अक्षरे तीन दिसतात, पण खुणा दहा होतात! उर्दूत जेर, जबर, पेश सहसा लिहीत नाहीत. म्हणून 'तालिबे इल्म' हे दोन शब्द मधली मोकळी जागा धरूनही आठ खुणांत बसतात: तोय, अलिफ, लाम, बे, मग मोकळी जागा, आणि ऐन, लाम, मीम. असे असले, तरी 70 ची मर्यादा दोन्ही भाषांना सारखीच आहे.

मजकूर 70 खुणांपेक्षा मोठा झाला तर? मग त्याचे भाग पडतात. कोणता भाग आधी वाचायचा, हे फोनला कळावे, म्हणून प्रत्येक भागावर एक चिठ्ठी लागते. ती सहा खण अडवते. त्यामुळे प्रत्येक भागात मराठीच्या 67 खुणाच मावतात. 140 खुणांचा मराठी मजकूर दोन संदेशांत बसेल, असे आपल्याला वाटते. पण दोन भागांत 134 खुणाच मावतात आणि उरलेल्या सहा खुणांसाठी तिसरा संदेश लागतो. तोच मजकूर 140 इंग्रजी अक्षरांत असता, तर एकाच संदेशात गेला असता.

हे पैसे वाचवण्यासाठी कोणी मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात. पण त्या लिपीत 'ळ' नाही. 'ण' आणि 'न' यांतला फरकही दिसत नाही. 'काळ', 'काल', 'कळ' आणि 'कल' हे चार शब्द घाईने लिहिलेल्या रोमन लिपीत पुष्कळदा एकसारखेच दिसतात. ज्याला इंग्रजी अक्षरओळख नाही, त्याला तर हा मजकूर वाचताच येत नाही. दुसरीही अडचण होती. जुन्या फोनमध्ये भारतीय लिपींची अक्षरे बसवलेली नसत. मराठी संदेश आला, की पडद्यावर रिकामे चौकोन दिसत. निरोप दारापर्यंत आला, पण घरात शिरला नाही, अशी गत होई. 2016 साली केंद्र सरकारने मोबाइल फोनसाठी भारतीय भाषांचा आदेश काढला. विकल्या जाणाऱ्या फोनवर अनुसूचीतील 22 भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, असे त्यात सांगितले. या 22 भाषांत मराठी आहे आणि उर्दूही आहे.

आता आपण सेलूकडे परत येऊ. सेलू तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर ही पिके घेतात. सेलूची कापसाची बाजारपेठही जुनी आहे. पावसाळा संपता संपता कापसाची बोंडे फुटू लागतात आणि वेचणी सुरू होते. वेचलेला कापूस भिजला, तर त्याचा रंग जातो आणि भाव पडतो. फवारणी केल्यावर लगेच पाऊस आला, तर औषध धुऊन जाते आणि पैसेही पाण्यात जातात. पावसाची खबर एक दिवस आधी मिळाली, तर घरातल्या सर्वांच्या कष्टांचे चीज होते. ती एक दिवस उशिरा मिळाली, तर तिचा काहीच उपयोग नाही.

ही खबर सेलूपासून फार दूर तयार होत नाही. परभणी येथे 1972 साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. हवामान खात्याचा अंदाज घेऊन तेथील तज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी सल्ला देतात. कोणत्या पिकाला पाणी द्यावे, फवारणी केव्हा थांबवावी, काढलेले पीक कसे झाकावे, हे त्यात असते. पण विद्यापीठातील कागदावर लिहिलेला सल्ला शेताच्या बांधापर्यंत जायचा कसा?

इथे संगणकावरून मोबाइलवर जाणारा निरोप उपयोगी पडला. 16 जुलै 2013 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'एम-किसान' या सेवेचे उद्घाटन झाले. या सेवेत अधिकारी आणि शास्त्रज्ञ संगणकावर मजकूर लिहितात. कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या तालुक्यातील आणि कोणते पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांना तो पाठवायचा, हे निवडतात. मग तो मजकूर नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांच्या फोनवर त्यांच्या भाषेत जातो. साधा, बटणांचा फोन असला तरी चालतो. त्याला इंटरनेट लागत नाही. योगायोग असा, की भारतातील तार कचेऱ्यांनी शेवटच्या तारा 14 जुलै 2013 रोजी स्वीकारल्या. तारेचा निरोप संपला आणि दोनच दिवसांनी शेतकऱ्याच्या खिशात येणाऱ्या निरोपाची सुरुवात झाली. अलीकडच्या वर्षांत हमीभावाने तूर किंवा हरभरा विकण्यासाठी नाव नोंदवणाऱ्या शेतकऱ्यांनाही माल कोणत्या दिवशी आणायचा, हे एसएमएसने कळवले जाते.

समजा, तुम्हांला असा संदेश लिहायचा आहे. एखादा लेखनिक सवयीने लिहील: 'सर्व शेतकरी बांधवांना कळविण्यात येते की, उद्या जोरदार पाऊस पडण्याची शक्यता आहे.' वाक्य शुद्ध आहे, नम्रही आहे. पण मोजून पाहा. 'की' पुढच्या स्वल्पविरामापर्यंत 40 खुणा संपल्या आणि पावसाचे नावही आले नाही! सत्तरावी खूण 'शक्यता' या शब्दाच्या मध्येच येते. कापसाचे काय करायचे, हे सांगायला जागाच उरत नाही.

आता हा दुसरा मजकूर पाहा: '12 ऑक्टोबरला पाऊस. वेचलेला कापूस झाकून ठेवा. फवारणी करू नका.' अंक, मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून यात 60 खुणा आहेत. काय होणार आणि काय करायचे, हे दोन्ही त्यात आले. दहा खुणा उरल्यासुद्धा.

या मजकुरात 'उद्या' हा शब्द का बरे टाळला? 'उद्या' लिहिले असते, तर सात खुणा वाचल्या असत्या. पण संदेश केंद्राची गोष्ट आठवा. शेतकऱ्याचा फोन बंद असेल, तर संदेश केंद्रात थांबून राहतो. 11 तारखेला निघालेला संदेश 12 तारखेला वाचला, तर 'उद्या' म्हणजे 13 तारीख असे वाचणाऱ्याला वाटेल. त्यात उर्दूत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही! म्हणून अशा निरोपात तारीख लिहावी. वाचवलेल्या सात खुणांपेक्षा भिजलेला कापूस महाग पडतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. संगणकावरून एक संदेश पाठवायला जेवढे श्रम लागतात, जवळजवळ तेवढ्याच श्रमांत हजार संदेश जातात. 2006 च्या सुमारास संगणकावरून मोबाइलवर फुकट एसएमएस पाठवून देणारी संकेतस्थळे भारतात लोकप्रिय झाली. हैदराबादची 'वे टू एसएमएस' ही सेवा त्यांपैकीच एक होती. दुसऱ्या एका सेवेचे नावच 'वन सिक्स्टी बाय टू' असे होते. 160 भागिले 2, म्हणजे 80 अक्षरे तुमच्या निरोपाला आणि 80 अक्षरे जाहिरातीला! फुकटचा खर्च जाहिरातदार देत होता.

पुढे जाहिरातींच्या संदेशांचा सुळसुळाट झाला. नको ते संदेश येऊन लोक त्रासून गेले. तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, 2010 साली नियम केले. सप्टेंबर 2011 मध्ये एका सिमवरून दिवसाला 100 च एसएमएस पाठवण्याची मर्यादा आली आणि त्याच वर्षी ती 200 करण्यात आली. 2018 च्या नियमांनी व्यवस्था आणखी कडक झाली. बँक, शाळा, दुकान किंवा सरकारी कचेरी यांना संगणकावरून एसएमएस पाठवायचे असतील, तर आधी आपले नाव आणि संदेशाचा नमुना नोंदवावा लागतो. त्यामुळे कोणीही घरबसल्या ई-मेल लिहावे आणि ते एसएमएस होऊन जावे, हा मार्ग आता आपल्याकडे राहिलेला नाही. अमेरिकेतील एटी अँड टी या मोठ्या कंपनीनेही 17 जून 2025 रोजी ई-मेलवरून एसएमएस पाठवण्याची सोय बंद केली.

हा मार्ग बंद होण्याचे एक मोठे कारण फसवणूक हे आहे. पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही लिहू शकतो. ई-मेलचेही तसेच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचे नाव दिसले, म्हणून ते बँकेचेच असेल असे नाही. खोटा निरोप नेहमी घाई करतो. 'आजच खाते बंद होईल', 'लगेच या दुव्यावर बोट ठेवा', 'बक्षीस लागले आहे', अशी त्याची भाषा असते. वाचणारा घाबरावा किंवा भुलावा आणि त्याने विचार करू नये, हाच त्याचा हेतू असतो.

म्हणून काही गोष्टी घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा. बँकेकडून आलेला गुप्त क्रमांक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगू नये. अनोळखी दुव्याला हात लावू नये. संदेशावर पाठवणाऱ्याचे छोटे नाव इंग्रजी अक्षरांत असते. 2025 पासून नोंदणी केलेल्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडले जाते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकार. ते अक्षर पाहण्याची सवय लावावी. तरीही शंका वाटली, तर संदेशातील क्रमांकावर फोन न करता बँकेच्या पासबुकावरील क्रमांकावर विचारावे. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. शेतीविषयी काही विचारायचे असेल, तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

आज पुष्कळ फोनवर इंटरनेट आहे. तिथे 70 खुणांचे बंधन नाही. चित्रे जातात, आवाज जातो. सल्लाही अनेकदा त्या मार्गाने येतो. मात्र बँकेचा गुप्त क्रमांक, परीक्षेची सूचना आणि साध्या फोनवरची हवामानाची खबर अजूनही एसएमएसने येते. तिला एक साधा टॉवर पुरतो.

आणि जागा कितीही मिळाली, तरी निरोप लिहिण्याची रीत बदलत नाही. आधी महत्त्वाची गोष्ट लिहावी. तारीख आणि ठिकाण लिहावे. वाचणाऱ्याने काय करायचे, ते स्पष्ट सांगावे. ज्याच्यासाठी निरोप आहे, त्याच्या भाषेत आणि त्याच्या लिपीत लिहावे. निरोप वाहून नेण्याचे काम यंत्र करते. तो वाचणाऱ्याला समजेल असा लिहिणे, हे आपले काम आहे. तुमच्यापैकी ज्यांना मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात, त्यांना तर हे काम दोन घरांसाठी करता येईल.

शब्दार्थ

निरोप : पैगाम
खुशाली : खैरियत
जासूद, हलकारा : खबर पोहोचवणारा, हरकारा
प्रायोगिक : तजरबाती
ताबडतोब : फौरन
मुदत : मीआद
मर्यादा : हद
खण : खाना
वेचणी : कापूस झाडावरून तोडून गोळा करणे
चीज होणे : कष्टांचे फळ मिळणे
सुळसुळाट होणे : एखादी नको असलेली गोष्ट फार वाढणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जगातला पहिला एसएमएस कोठून पाठवला गेला?
(आ) रिचर्ड जार्व्हिस यांनी उलट संदेश का पाठवला नाही?
(इ) भारतातील तार कचेऱ्यांनी शेवटच्या तारा कोणत्या दिवशी स्वीकारल्या?

2. कारणे द्या.
(अ) मराठी व उर्दू एसएमएस 70 खुणांचा असतो.
(आ) हवामानाच्या संदेशात 'उद्या' न लिहिता तारीख लिहावी.

3. पुढील शब्दांतील खुणा मोजा : परभणी, पाऊस, कापूस, शेतकरी.

4. शाळेत शनिवारी पालकसभा आहे. तारीख आणि वेळ सांगणारा संदेश 70 खुणांत मराठीत लिहा. तोच संदेश उर्दूत लिहा आणि दोन्हींच्या खुणा मोजा.

5. या पाठातील 'खबर', 'मुदत', 'तारीख', 'मुक्काम' हे शब्द उर्दूतही आहेत. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी दहा शब्द शोधा व लिहा.